बुडित क्षेत्रातलं घर

हार्वे हरिकेन 25 ऑगस्ट 2017 च्या रात्री टेक्सासच्या किनाऱ्यावर, रॉकपोर्टजवळ धडकलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्हाला दोन सल्ले मिळून चुकले होते आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध होते. गव्हर्नर ग्रेग ॲबट टीव्हीवर सांगत होते की स्थानिक अधिकाऱ्यांनी आदेश काढला नसला तरी कॉर्पस ख्रिस्ती ते ह्यूस्टन या पट्ट्यातल्या लोकांनी बाहेर पडण्याचा नीट विचार करावा. ह्यूस्टनचे महापौर सिल्व्हेस्टर टर्नर आणि हॅरिस काउंटीचे प्रमुख एड एमेट सांगत होते, घरातच थांबा, रस्त्यावर येऊ नका.

आमच्या घरात यावरून रात्री उशिरापर्यंत खल झाला. नवरा म्हणे, गव्हर्नर मोठा की महापौर मोठा? मोठा जो म्हणेल ते करू. मला आठवत होतं ते 2005 चं रीटा वादळ. आम्ही तेव्हा ह्यूस्टनकडे नवीनच आलो होतो. कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सची काय गत झाली ते महिन्याभरापूर्वीच सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे सगळं शहर एकदम गाड्या काढून निघालं आणि हायवेवर अडकून पडलं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक वादळात नाही, तर बाहेर पडण्याच्या त्या धांदलीत. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस पेटून 23 जण दगावले. टर्नर पुढे पत्रकार परिषदेत म्हणाले की 65 लाख लोकांना एका वेळी रस्त्यावर काढता येत नाही, त्यामागे ही रीटा होती. मला त्यांचं पटलं होतं, आजही पटतं.

पण गंमत अशी की टर्नर आणि एमेट हे दोघंही आमचे कुणी नव्हते. टेक्सासात सक्तीने गाव रिकामं करायचा अधिकार कायद्याने महापौराला आणि काउंटी जजला आहे. (हे काउंटी जज काउंटीच्या कारभाराचे निवडून आलेले प्रमुख असतात, साधारण जिल्हा परिषदेचा अध्यक्ष आणि कलेक्टर एकत्र केल्यासारखे.) गव्हर्नरने केलेली ती शिफारस. आणि आमच्या पत्त्यात केटी असं गाव लिहिलेलं असलं, तरी आमची वसाहत केटी शहराच्या हद्दीत नाही, ह्यूस्टनच्याही नाही. आम्ही फोर्ट बेंड काउंटीत, कुठल्याच नगरपालिकेत न मोडणाऱ्या भागात. पाणी आणि ड्रेनेज बघायला एक युटिलिटी डिस्ट्रिक्ट, त्याला इकडे सगळे 'मड' म्हणतात. म्हणजे आम्हाला महापौरच नव्हता. आम्ही राहिलो ते टर्नरांचं ऐकून, पण टर्नर आमच्याशी बोलत नव्हते.

पाऊस चार दिवस कोसळला. ह्यूस्टनच्या आजूबाजूला कित्येक ठिकाणी चाळीस इंचांच्या वर, आणि नेदरलँड गावात 60.58 इंच. आमच्या गल्लीतलं पाणी मात्र पावसाने नाही आलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पाऊस ओसरत होता तेव्हा ते चढत होतं. गटारातून, मागच्या कुंपणाखालून, अगदी संथ. पाण्याला ओढ नव्हती. दारात उभं राहून बघितलं तर एक पान जागच्या जागी तरंगत होतं. लुइझियानातून आपापल्या होड्या घेऊन आलेल्या स्वयंसेवकांपैकी दोघांनी आम्हाला आणि पलीकडच्या काकूंना बाहेर काढलं. कुठल्या खात्याने पाठवलं म्हणून विचारलं तर त्यातला एक हसला, म्हणाला, आमचे आम्हीच आलो.

मैत्रिणीच्या घरून सांगलीला फोन लावला. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी कृष्णा खोऱ्यात. आईने रडून घेतलं, मग त्यांनी फोन घेतला.

"घराच्या कुठल्या अंगाला धरण आहे?"

मी म्हटलं, पूर्वेला बार्कर नावाचं आहे, पण ते कोरडं असतं, आत बाग आहे, सायकलचे रस्ते आहेत.

"म्हणजे तू धरणाच्या वर आहेस, खाली नाहीस. अगं, मग हा पूर नव्हे. ही फुगवटी आहे, धरणामागे तुंबून वर चढलेलं पाणी. जमिनीचं संपादन किती पातळीपर्यंत केलंय बघ."

इतकं सरळ मला तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. ॲडिक्स आणि बार्कर ही दोन्ही मातीची धरणं अमेरिकन लष्कराच्या अभियंता दलाने, म्हणजे कोअर ऑफ इंजिनिअर्सने, 1940 च्या दशकात बांधली. 1929 आणि 1935 च्या पुरांत ह्यूस्टनचा मध्यभाग बुडाला होता, तो पुन्हा बुडू नये म्हणून बफेलो बायू, म्हणजे शहरातून वाहणारा संथ ओढा, अडवलेला. एरवी दरवाजे उघडे, मोठा पाऊस आला की बंद. पण धरण पूर्ण भरलं तर पाणी जिथवर जाईल तिथवरची जमीन सरकारने घेतलीच नाही. तेव्हा तिथे गवताळ माळ आणि भातशेती होती. बार्करच्या मागे समुद्रसपाटीपासून साधारण 95 फुटांपर्यंतची जमीन सरकारच्या मालकीची. तिच्या पलीकडे पुढच्या पन्नासेक वर्षांत बिल्डर आले, शाळा आल्या, आम्ही आलो. हार्वेत बार्करचं पाणी 101.6 फुटांपर्यंत चढलं. या दोन आकड्यांच्या मधे आमचं घर.

28 ऑगस्टला, मध्यरात्र उलटताच, दरवाजे उघडले. खालच्या बाजूला बायूत 2,000 क्युसेकच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही हा एरवीचा शिरस्ता, त्या रात्रीनंतर विसर्ग त्याच्या कैक पट झाला. धरणाखालचे लोक म्हणाले, तुम्ही सोडलंत म्हणून आम्ही बुडालो. वरचे आम्ही म्हणालो, तुम्ही अडवलंत म्हणून आम्ही बुडालो. कोअरचं म्हणणं, धरण फुटलं असतं तर कुणीच उरलं नसतं. 2009 मध्येच या दोन्ही धरणांना त्यांनी स्वतः अतिधोकादायक ठरवलेलं होतं. मला विचाराल तर त्या रात्री दरवाजे उघडणाऱ्या माणसाचं काही चुकलं असं वाटत नाही. त्याच्या हातात जे होतं ते त्याने केलं. आमचं भांडण 1940 पासूनच्या कागदांशी होतं.

पाणी उतरायला आठवडा गेला. आत गेलो तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ, अगदी पट्टीने ओढल्यासारखी सरळ. शेजारच्या टेक्सन आजोबांनी शिकवलं की शीटरॉक, म्हणजे भिंतीला लावलेला जिप्समचा बोर्ड, रेघेवर कापायचा नाही, पाणी आतून वर शोषलं जातं, एक हात वर कापायचा. मग खडूची दोरी ताणून भिंतीवर फट्कन मारायची, निळी रेष उमटते, तिच्यावरून करवत. आत उष्णता अडवायला भरलेला ओला गुलाबी कापूस हाताने ओढून काढायचा. तो वास मला अजून कुठेही ओळखता येईल. भिंतींच्या लाकडाला ओलावा मोजायचं यंत्र लावायचं, आकडा उतरेपर्यंत नवा शीटरॉक चढवायचा नाही. आमच्याकडे मराठी मंडळींची ये-जा चालू होती. कुणी पोळ्या आणे, कुणी पंखे. एका मुलाने येऊन दिवसभर नुसते खिळे उपटले, त्याचं आडनावही मला माहीत नव्हतं. ह्यूस्टन विद्यापीठात दोनशे भारतीय विद्यार्थी पाण्याने वेढले गेल्याचं सुषमा स्वराज यांनी ट्विट केलं होतं, त्यामुळे सांगली-मिरजेच्या सगळ्या नातेवाइकांना वाटत होतं की आपलं सरकार आम्हालाही घ्यायला येणार.

मग कागद सुरू झाले.

साध्या घराच्या विम्यात पूर धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा, केंद्र सरकारच्या योजनेतला, आणि काढल्यापासून लागू व्हायला तीस दिवस. आमचं घर नकाशावर शंभर वर्षांच्या पूररेषेबाहेर, त्यामुळे कर्ज देणाऱ्या बँकेने तो मागितला नव्हता, आणि गल्लीत बहुतेकांकडे नव्हता. उरली केंद्राची थेट मदत. तिची त्या वर्षीची कमाल मर्यादा 33,300 डॉलर, आणि कमाल म्हणजे क्वचित कुणाला मिळणारी. त्याखेरीज घरासाठी तेव्हा दोन लाख डॉलरपर्यंत सरकारी कर्ज मिळे, व्याज कमीत कमी पावणेदोन टक्के. गंमत म्हणजे हे कर्ज छोट्या उद्योगांसाठीचं खातं देतं. घर बुडालेल्या बाईला उद्योग खात्याचा फॉर्म का भरायचा, हे मी गल्लीतल्या कितीतरी जणांना समजावलं असेल. तो भरला नाही तर सामानासाठीच्या मदतीचा अर्ज पुढे सरकत नसे, असा तेव्हाचा नियम. पुष्कळ जण 'आम्हाला कर्ज नकोच आहे' म्हणून तिथेच थांबले आणि अनुदानालाही मुकले.

पंचनाम्याला आलेला माणूस ओहायोचा होता, कंत्राटी. हातात टॅब्लेट. भला माणूस. त्याने खोल्या मोजल्या, रेघेची उंची मोजली आणि पुराचं कारण या रकान्यात नदीचा पूर, पावसाचं पाणी असल्या पर्यायांतून एक निवडायला लागला. मी म्हटलं, धरणाची फुगवटी आहे. तो म्हणाला, मॅम, तसा पर्याय नाही.

केंद्राच्या आपत्ती खात्याचे, म्हणजे फेमाचे, तेव्हाचे प्रमुख ब्रॉक लाँग एक सूत्र सारखं सांगायचे: प्रत्यक्ष काम स्थानिकांनी करायचं, राज्याने ते चालवायचं, केंद्राने पाठबळ द्यायचं. 1988 च्या स्टॅफर्ड कायद्याचा साचाच तसा आहे. गव्हर्नर मागणार, राष्ट्राध्यक्ष जाहीर करणार. कॅटरिनात याच साच्यात भांडण झालं. लुइझियानाच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको आपलं नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्यदल, केंद्राच्या हाती द्यायला तयार नव्हत्या, आणि बुश सरकार म्हणत होतं की अधिकार दिल्याशिवाय जबाबदारी कशी घेणार. हार्वेत तसं उघड काही झालं नाही, होड्या आणि हेलिकॉप्टरं बऱ्यापैकी एका सुरात चालली. आमच्याकडे भांडण झालं ते पाणी उतरल्यावर, आणि ते पाण्याबद्दल नव्हतंच. सांगायचं कुणी होतं, याबद्दल होतं.

वडिलांनी सोडलं नाही. दर रविवारी फोनवर विचारायचे, "नकाशा मिळाला का?" त्यांना गाव-नकाशासारखा कागद हवा होता. तसा कागद इथे असतो, त्याला प्लॅट म्हणतात. बिल्डरने जमिनीचे तुकडे पाडले की काउंटीकडे नोंदवायचा. मी काउंटी क्लार्कच्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी वसाहतीचं नाव विचारलं, काही मिनिटांत मोठ्या कागदावर छापून हातात दिलं, पानामागे किरकोळ फी. तिथल्याच बाकावर बसून वाचला. प्लॉटचे आकडे, रस्त्यांची रुंदी, सर्व्हेअरचा शिक्का, आणि कडेला बारीक अक्षरातल्या टिपांच्या यादीत एक ओळ: ही वसाहत बार्कर जलाशयाला लागून असून कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या व्यवस्थापनाखाली इथे दीर्घकाळ नियंत्रित पाणी साचू शकतं.

नियंत्रित. दीर्घकाळ. सगळं लिहिलेलं होतं. फोर्ट बेंड काउंटीने 1990 च्या दशकात अशी टीप प्लॅटवर घालायला लावली, हॅरिस काउंटीने तीही नाही. पण घर घेताना आमच्यासमोर ठेवलेल्या वीतभर जाडीच्या गठ्ठ्यात हा कागद नव्हता. बिल्डरच्या विक्रीवाल्याने तळ्याजवळचा प्लॉट म्हणून जास्त पैसे मात्र लावले होते.

त्या शरद ऋतूत एका शाळेच्या जिमखान्यात लोकांची सभा भरली. घडीच्या खुर्च्या, मागे बास्केटबॉलची रिंग, समोर टेबलावर निरनिराळ्या कार्यालयांची माणसं. मी प्लॅटची प्रत घेऊन रांगेत उभी राहिले. धरणाकडचे म्हणाले, धरण चालवणं आमचं काम, घरं कुठे बांधायची हे ठरवायचा आम्हाला अधिकार नाही, आम्ही काउंटीला वेळोवेळी कळवलंय. काउंटीकडचे म्हणाले, टीप आम्ही घातली, खासगी जमिनीवर बांधायला बंदी करायचा अधिकार टेक्सासात काउंटीला जवळजवळ नाही, आणि धरण केंद्राचं. राज्याकडचे म्हणाले, हा विषय केंद्र आणि काउंटीमधला. जे ते आपापल्या परीने खरंच बोलत होते, हाच खरा वैताग. खोटं कुणी बोललं असतं तर धरता तरी आलं असतं. मागून एक आजी ओरडल्या, मग फोन कुणी करायचा होता मला? टेबलावर माइक एकाकडून दुसऱ्याकडे सरकला आणि कुणीच तो उचलला नाही.

वकील सभेच्या बाहेरच उभे होते, पत्रकं वाटत.

निष्काळजीपणाचा दावा इथे उपयोगाचा नाही हे मला त्यांच्याकडून कळलं. 1928 च्या पूरनियंत्रण कायद्यात एक कलम आहे: पुराच्या पाण्याने झालेल्या नुकसानीला अमेरिकेचं सरकार जबाबदार नाही. न्यू ऑर्लिन्सच्या कालव्यांच्या भिंती फुटल्या त्या खटल्यात 2008 मध्ये न्यायाधीशांनी कोअरवर कडक ताशेरे ओढले, आणि याच कलमाने हात बांधलेत म्हणून दावा फेटाळला. त्यामुळे ह्यूस्टनच्या वकिलांनी दुसरी वाट धरली. घटनेच्या पाचव्या दुरुस्तीत आहे की मोबदला दिल्याशिवाय सरकारला खासगी मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घेता येत नाही. तुम्ही चुकलात असं म्हणायचंच नाही. तुम्ही ह्यूस्टन वाचवायला आमची घरं तळं म्हणून वापरलीत, तर आता भाडं द्या. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे उशिराने भूसंपादन. बरोबर आहे. हेच म्हणत होतो."

कोर्टाने खटल्याचे दोन भाग केले, धरणाच्या वरचे आणि खालचे, दोन वेगळे न्यायाधीश. वरच्यांच्या खटल्यात 13 घरं नमुना म्हणून निवडली, आमचं त्यात नव्हतं. मे 2019 मध्ये ह्यूस्टनमध्येच सुनावणी झाली. एक दिवस रजा टाकून मी मागच्या बाकावर जाऊन बसले. दिवसभर पातळ्यांवरच चाललं होतं: 95, 101.6, अमुक साली कुणाला काय माहीत होतं. सरकारचं म्हणणं, एवढा पाऊस कुणाच्या स्वप्नातही नव्हता, आणि मोठं संकट टाळायला सरकारला असं करावंच लागतं. डिसेंबर 2019 मध्ये न्यायाधीश चार्ल्स लेटो यांचा निकाल आला. धरणं बांधतानाच खासगी जमिनीवर पाणी जाणार हे ठाऊक होतं, हे घेणंच आहे, सरकार जबाबदार. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी 2020 मध्ये, खालच्यांच्या खटल्यात न्यायाधीश लॉरेन स्मिथ यांनी उलट ठरवलं. संपूर्ण पूरसंरक्षण मिळण्याचा हक्क कुणालाही नाही, दावा फेटाळला. तेच वादळ, तीच धरणं, तेच कोर्ट. अडवलेल्या पाण्याचे पैसे, सोडलेल्याचे नाहीत. अपिलात जून 2022 मध्ये तो दुसरा निकाल फिरला आणि खटला पुन्हा खाली आला.

या मधल्या वर्षांत राज्याची राजधानी ऑस्टिन आणि ह्यूस्टन यांच्यामध्ये पैशांवरून जे चाललं होतं ते वाचून वाचून कंटाळा आला. 2017 मध्येच टर्नरांनी राज्याच्या राखीव निधीतून पैसे मागितले, नाहीतर मालमत्ता कर वाढवावा लागेल म्हणाले. ॲबटनी आधी फटकारलं, मग 5 कोटी डॉलरचा चेक दिला. पुढे केंद्राकडून घरबांधणीला जे 500 कोटींच्या वर आले, त्यातला ह्यूस्टनचा कार्यक्रम 2020 मध्ये राज्याच्या जमीन कार्यालयाने शहर फार हळू चालतंय म्हणून काढून घ्यायचं ठरवलं, तर शहर कोर्टात गेलं. 2021 मध्ये पूर टाळायच्या कामांसाठी त्याच कार्यालयाने पैसे वाटले, त्यात ह्यूस्टन आणि हॅरिस काउंटीच्या वाट्याला पहिल्या फेरीत शून्य. सर्वात जास्त बुडालेल्यांना शून्य! केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने 2022 मध्ये त्या वाटपाला भेदभाव ठरवलं. हॅरिस काउंटीच्या लोकांनी मात्र हार्वेला वर्ष झालं त्या दिवशी, 25 ऑगस्ट 2018 ला, मतदान करून स्वतःवर 250 कोटी डॉलरचे पूर-रोखे लादून घेतले. निदान ते पैसे कुणाचे यावर वाद नव्हता.

ऑगस्ट 2019 मध्ये पाळी सांगलीची. आयर्विन पुलावर पातळी 57 फुटांच्या वर गेली, आमच्या घरात खालच्या मजल्यावर पाणी. या वेळी मी इकडून फोन करत होते आणि आई रडत होती. टीव्हीवर तेच: अलमट्टीचा विसर्ग वाढवा म्हणून महाराष्ट्र कर्नाटकाला सांगतोय, कोयनेतून कधी सोडलं, कुणी सांगितलं, कुणी नाही. वडील अलमट्टीवर खापर फोडायच्या विरुद्ध होते, पुढे या पुराचा अभ्यास करायला नेमलेल्या वडनेरे समितीनेही तेच म्हटलं. ते सारखे निळ्या रेषेबद्दल बोलायचे. पूररेषा आखलेली असताना तिच्या आत परवानग्या कुणी दिल्या, ते विचारा म्हणायचे. पंचनामा झाला, सानुग्रह अनुदान आलं. भूसंपादनासारखा दावा करता येईल का, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाचवी दुरुस्ती आण आधी तिकडून."

अशा दाव्याला केंद्राच्या कोर्टात सहा वर्षांची मुदत असते. त्यामुळे 2023 च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पुन्हा कागदांची धावपळ सुरू झाली. ज्यांनी आधी कोर्टकचेऱ्या नकोत म्हणून टाळलं होतं, ते संध्याकाळी दारावर येऊ लागले: कुणाकडे फोटो आहेत का, रेघेची उंची किती होती, वकिलाचा फॉर्म कुठे मिळेल. मी प्लॅटच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. पलीकडच्या काकूंचं घर घेतलेलं तरुण जोडपं आलं, नागपूरचं. ताई, आम्हालाही भरता येईल का? मी सांगितलं, दावा पाणी आलं तेव्हा जो मालक होता त्याचा, तुमचा नाही. पण तुम्हाला निदान कळलं तरी होतं. टेक्सासने 2019 मध्ये कायदा बदलला, आता घर विकणाऱ्याला फॉर्मवर लिहून द्यावं लागतं की घर जलाशयाच्या बुडित पट्ट्यात आहे का, आणि धरणाच्या पाण्याने आधी बुडालंय का. मुलाने मान डोलावली. त्या रकान्यावर 'हो' अशी खूण होती, म्हणाला, आणि म्हणूनच किंमत आमच्या आवाक्यात आली. पुराचा विमा काढलाय का विचारलं तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग तिथेच माझ्या लॅपटॉपवर भरायला बसलो, कारण तीस दिवस लागतात, आणि जून लागला होता.